अंड्यासाठी पाळलेला कोंबडा

अक्का, तुझा कोंबडा त्यांनी कापला.

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना आटोपली, शेवटचं आमेन झालं, आणि दारात बसलेल्यांना भूक लागली. कुणीतरी म्हणालं, "बाजारात कशाला हिंडता राव, ह्यो हाय की दारातच." मी आत सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. बाहेर आलो तोवर पायरीपाशी पिसं पडली होती आणि रस्सा तिखट करायचा की पाळकसाहेबांच्या पोटाला सोसेल असा, यावर बायकांची चर्चा चालली होती. तंगडी अर्थातच पाळकसाहेबांना. एकजण हाडूक चोखत म्हणतो कसा, "अक्कानं कोंबडा मातूर लई निगुतीनं पोसलाय." मी परसात गेलो आणि ओकलो. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी ओकत राहिलो.

माझ्या बायकोला वाटलं, मला दुःख अनावर झालं. पाठीवरून हात फिरवत उभी राहिली बिचारी. ते दुःख नव्हतं गं. शिसारी होती. त्यांची आली, हे तर झालंच. पण कोंबडा गेला म्हटल्यावर मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची जास्त आली.

आता दुपार झालीय. जेवून सगळे पांगलेत. मी तुझ्या उंबऱ्यावर बसून भाचरांच्या जुन्या वहीत लिहितोय. तुझी भाचरं, माझी पोरं. पण तू त्यांना स्वतःचीच पोरं म्हणायचीस, आत्या असून. म्हणू दे म्हटलं. तुझ्याशी कुणी वाद घालावा? मी घातला, जन्मभर घातला, आणि आज उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून हरल्यासारखा बसलोय.

उद्या सकाळी मला ग्रामपंचायतीत जायचंय, तुझ्या मृत्यूची नोंद करायला. त्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो. माहिती देणारा मी, सख्खा भाऊ. तुझ्या नावापुढं काय लिहायचं हे आख्ख्या वारूळवाडीला ठाऊक आहे, शेंबड्या पोरालासुद्धा. पण माझ्या नोकरीच्या कागदावर मी हिंदू महार आहे. दोन महिन्यांपूर्वी कचेरीत जात पडताळणीचं पत्र आलंय, आणि त्यात रक्ताच्या नातेवाइकांचे दाखले मागितलेत. बहीण ख्रिस्ती आणि भाऊ हिंदू, हे कोण ऐकून घेणार? तुझ्या नावापुढं खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. खोटं लिहिलं तर काहीच होणार नाही. तू तर आता बोलणार नाहीस. बोलणारा एक होता, त्याचा रस्सा झाला.

तो कोंबडा पहिल्यांदा कधी आला, आठवतंय? मला नोकरीचा हुकूम मिळाला तेव्हा. मी नारायणगावाहून पेढे घेऊन धावत आलो होतो. आपल्या आठ ख्रिस्ती घरांच्या मंडळीत सरकारी नोकरीला लागलेला पहिला माणूस मी. बाप असून अण्णा उठून उभे राहिले, रडले, मला मिठी मारली. तू हुकूम हातात घेतलास. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तरी अक्षर अन् अक्षर वाचलंस. शांताराम. प्रवर्ग अनुसूचित जाती. घडी घालून परत दिलास, पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "पाय धू. भाकरी टाकते." बास. त्या आठवड्याच्या बाजारातून तू कोंबडा आणलास.

मी विचारलं, "हे काय आता?"

"अंड्यासाठी," तू म्हणालीस.

"कोंबडा अंडी देतो व्हय गं?"

"बघू की. सरकारी कागदावर काय बी व्हतंय म्हन्त्यात."

तू हसली नाहीस. आणि कोंबड्याला बांधलंस कुठं, तर माझ्या खाटेच्या उशापाशी, खिडकीबाहेर. आपल्यात जन्मलेल्या कुठल्याही पोराला ती गोष्ट सांगावी लागत नाही. प्रभूला धरून नेलं, तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळच्या शिष्यानं, मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा सांगितलं, आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. शिष्य बाहेर जाऊन ढसाढसा रडला. मी काही रडलो नाही. मी कूस बदलून उशी कानावर घेतली. तो कोंबडा मेला तर तू दुसरा आणलास, तो मेला तर तिसरा. मुक्कामाला आलो की पहाटे माझ्या कानाशी बोंब सुरू. पंधरा वर्षं मी त्या कोंबड्यांवर दात खाल्ले, आणि त्यांच्यापेक्षा तुझ्यावर.

माझं नाव शांताराम झालं ते शाळेत. अण्णा मला दाखल करायला घेऊन गेले, तू सोबत होतीस. आई नुकतीच गेली होती. तू चौदाची, मी पाचचा. गुरुजींनी नाव विचारलं. अण्णा म्हणाले, शांतवन. गुरुजी म्हणाले, "हे काय नाव असतं? शांताराम लिहितो, पोराला पुढं बरं पडंल." धर्म ख्रिस्ती असं अण्णा पुटपुटले, तर गुरुजी म्हणाले, "ते राहू दे, मूळची जात सांग." जात सांगितली, धर्म त्यांनी आपल्या मनानं भरला. गुरुजी काही वाईट नव्हते. माझ्या अंगावर सदरा नव्हता तर त्यांनी आपल्या मुलाचा दिला होता. अण्णांनी हात जोडले आणि आपण घरी आलो. वाटेत तू अण्णांना विचारलंस, "अण्णा, त्याचं नाव शांतवन हाय ना?" अण्णा म्हणाले, "घरात हाय." तुझंही तसंच झालं होतं म्हणे शाळेत, फक्त तुझ्या वेळी कुणी विचारणारं नव्हतं.

माझ्या बाजूनं मी काय बोलायचो, तेही इथं लिहितो, नाहीतर तू म्हणशील स्वतःला फार झोडपतोस. मी म्हणायचो, अक्का, आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं आपल्याला कधी ख्रिस्ती म्हटलं? पाणी वरूनच वाढलं ना? बागेत कामाला गेलीस तर तुझा कप वेगळा टांगलेला होता ना? आपली जात गाव विसरलं नाही, एक दिवस विसरलं नाही. फक्त सरकार म्हणतं, तुम्ही प्रार्थनेला गेलात, आता तुमची जात संपली. मग खोटं कोण, मी की ते? हे मी आजही म्हणतो. तू तेव्हा धान्य पाखडत होतीस. म्हणालीस, "गाव काय म्हन्तं त्याचं उत्तर गाव देईल. सरकारचं सरकार देईल. तू काय म्हन्तोस, त्ये सांग."

मी काय म्हणणार? मी म्हणालो, पोटाला काय घालू.

पण त्या पोटाला तूच घातलं होतंस. द्राक्षबागांत विरळणीच्या टोळ्या असतात, त्यातली एक तुझी. पंधरा बायका, हातात छोट्या कात्र्या, मांडवाखाली माना वर करून दिवसभर घडातले जादा मणी काढायचे. तुझी मान त्या कामानं कायमची आखडली. शिक्षण माझं झालं, मान तुझी गेली. मी शिकेपर्यंत तू लग्नाला नाही म्हणत राहिलीस, आणि नंतर कुणी विचारेनासं झालं. याबद्दल मी तुला कधी दोन शब्द बोललो नाही. आता बोलतोय, वहीत, फुकटात.

आणि रविवारी तुझी टोळी बंद. द्राक्षाचं काम रविवार बघत नाही. बागायतदार आप्पा, गावातली मोठी असामी, बांधावर येऊन तुझ्यावर ओरडले होते, "अगं बये, माल काय तुझ्या येसूला इचारून वाढतो का?" तू कात्री खाली न ठेवता म्हणालीस, "सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत येतो, आप्पा. दोन तास जास्ती करून देतो." आणि करून द्यायचीस. टोळीत निम्म्या बायका हिंदू, दोघी जुन्नरच्या मुसलमान. त्यांनाही तुझ्यामुळं रविवार मिळायचा. त्या तुला हसायच्या आणि रविवारी निवांत पोरांची डोकी बघत बसायच्या.

याच आप्पांनी तुझी परीक्षा पाहिली. बायकांसाठी राखीव जागा नव्यानं आल्या होत्या, आणि त्या पंचवार्षिकाला आपल्या वॉर्डाची जागा निघाली अनुसूचित जातीची महिला. बौद्धवस्तीतल्या बायका दुसऱ्या पॅनेलकडं होत्या. आप्पांना ऐकणारी बाई हवी होती. त्यांना तू आठवलीस.

लोभ साधा नव्हता अक्का, मी कबूल करतो. साडी, पैसा असलं काही असतं तर तू हसून घालवलं असतंस. आप्पांनी आपल्या मंडळीला दफनभूमी देऊ केली. गावठाणाच्या कडेची दहा गुंठे जमीन, कायमची, पंचायतीच्या ठरावासकट. आपल्याला या गावात पुरायला जागा नव्हती. नाही असं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, नुसतं "जागा न्हाई, राव" म्हणायचे. आपली माणसं टेम्पोत घालून जुन्नरला न्यायची. आणि अण्णांना नेताना काय झालं होतं, ते आप्पांना चांगलं माहीत होतं. भर उन्हात टेम्पो बंद पडला. तीन तास अण्णा रस्त्याच्या कडेला. येणाजाणाऱ्या जीपमधली माणसं नाकाला रुमाल लावून बघायची. तू पदरानं माश्या हाकत होतीस आणि मी लाजेनं दूर, बाभळीखाली, अनोळखी माणसासारखा उभा होतो. हे तू पाहिलंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. पाहिलं असणार.

तर त्या दिवशी आप्पा आपल्या घरी आले. पहिल्यांदाच. मंडळीची आठही घरं अंगणात जमली. पाळकसाहेब मुद्दाम जुन्नरहून आले होते. फॉर्म मी भरला होता, माझ्या सुंदर कारकुनी अक्षरात. तुझा शाळेचा दाखलाही मीच तुझ्या पेटीतून शोधून काढला होता. फक्त सही राहिली होती.

तू म्हणालीस, "वाचून दाखव."

मी वाचलं. मी हिंदू महार जातीची असून, वगैरे.

तू पाळकसाहेबांकडं पाहिलंस. ते काय म्हणाले, शब्द अन् शब्द माझ्या कानात आहे. "बाई, देव अंतःकरण बघतो. कागद बघतो तो तहसीलदार." सगळे हसले. अक्का, मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण तेवढ्या एका वाक्यानं माझीही नोकरी पवित्र झाली होती.

तू पेन उचललंस. मला वाटलं, झालं. मग तू आप्पांकडं वळलीस.

"आप्पा, तुमच्या बागंत मी दहा वर्सं कात्री चालवते. तुमी कवा मागं फिरून घड तपासलं?"

"न्हाई बा. तुझ्यावर भरवसा हाय आमचा."

"का भरवसा हाय?"

"आता गं... तू खोटं काम करीत न्हाईस म्हून."

"मंग जी खोटं करीत न्हाई म्हून भरवसा, तिलाच खोटं लिव्हाया बसवता व्हय?"

तू पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशाला अडकवलंस. आप्पा चहा न घेता उठले. पाळकसाहेब खाली बघत बसले. आणि मग आपलीच माणसं तुझ्यावर तुटून पडली. "तुझ्या एकटीच्या सोर्गापायी आमची मढी रस्त्यावर सडवतीस व्हय गं?" असं जी बोलली ती तुझ्या मांडीवर बाळंत झालेली बाई होती. एकानं तर विचारलं, "लई शानी झालीस का येसूपरीस?" तू ऐकून घेतलंस. सगळे गेल्यावर चुलीपुढं बसलीस, आणि तुझे हात असे थरथरत होते की काडी पेटेना. मला म्हणालीस, "शांत्या, मी चुकले का रं?"

मी म्हणालो, "हो."

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. मी हो म्हणालो, काडी पेटवून दिली आणि शेवटच्या जीपनं निघून गेलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, अक्काला अहंकार झालाय.

आप्पांनी दुसरी बाई उभी केली, निवडून आणली. तुझ्या टोळीला बागेतून काढलं. त्यांनी काढलं म्हणून त्यांच्या भावकीनंही काढलं. तू नारायणगावच्या टोमॅटोच्या शेडमध्ये क्रेट भरायला जाऊ लागलीस. कच्चा, पिकला, दगडी, असा माल निवडत दिवसभर उकिडवं बसायचं. आखडलेली मान घेऊन. मंडळीतल्या बायका प्रार्थनेत तुझ्याशेजारी बसत नव्हत्या. प्रीतिभोजनाला तुझी भाजी तशीच परत जायची. तू पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन यायचीस. एकदा मी चिडून म्हणालो, "कशाला जातेस तिथं झक मारायला? थुंकतात तुझ्यावर." तर म्हणालीस, "मी त्यांच्यासाठी जात न्हाई. आन ते थुकत न्हाईत, उगा वाढवून सांगू नगंस. नुसतं तोंड फिरवत्यात."

तुझ्यात संतपण नव्हतं, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पाळकसाहेबांनी परवा तुला संतीण करून टाकलंय. तू हट्टी होतीस. तंबाखूची मिश्री लावायचीस आणि रविवारी तोंड धुऊन, जणू काही नाहीच, अशी यायचीस. माझ्या बायकोच्या भाकरीला नावं ठेवायचीस. आप्पांच्या बागेला एका वर्षी डावणी रोगानं खाल्लं तेव्हा तू "बरं झालं" म्हणालीस, आणि मग दोन दिवस जेवली नाहीस.

शेवटचे आठ दिवस नारायणगावच्या दवाखान्यात मी तुझ्यापाशी होतो. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. तू एका सकाळी म्हणालीस, "शांत्या, तुला एक सांगते, कुणाला बोलू नगंस. मला कायबी ऐकू येत न्हाई रं."

मला वाटलं, कानाचं म्हणतेस. नर्सला हाक मारणार होतो.

"तसं न्हाई. लोक म्हन्त्यात देव बोलला, आवाज आला, मनाला शांती वाटली. मला कवाच न्हाई आला. इतकी वर्सं गुडघं टेकलं. नुसतं गार फरशीचं कळायचं."

मी हादरलो. "मग कशासाठी केलंस एवढं सगळं? बाग गेली, माणसं गेली..."

"शब्द दिला व्हता म्हून. टोळीला सोमवारी येते म्हनलं का सोमवारी जायाचं. आभाळ बघून जायाचं अस्तं का?"

मग तू पाणी मागितलंस. दोन घोट घेतलेस. मला वाटलं, आता विचारून घ्यावं, नाहीतर राहून जाईल. मी म्हणालो, "अक्का, खरं सांग. तो कोंबडा मला हिणवायलाच पाळला होतास ना?"

तू हसलीस. ओठ फाटले होते, तरी हसलीस. "तुला कशाला? माझ्यासाठी व्हता."

"तुझ्यासाठी?"

"तुझा हुकूम आला त्याच आठवड्यात अंगनवाडीत मदतनिशीची जागा निघाली व्हती. दाखला तर माझ्याबी पेटीत व्हता. मला लई वाटलं रं, घ्यावा. मान लई दुखायची. मंग कोंबडा आनला. सकाळी आरडला का मनात म्हनायची, आजचा दिस सही करायची न्हाई. उंद्याचं उंद्या."

"पंधरा वर्षं रोज?"

"आप्पा आलं तवाच्या सकाळी त्यो आरडलाच न्हाई मेला," तू म्हणालीस. "म्हून तर हात थरथरत व्हता."

दोन दिवसांनी तू गेलीस. मी तुला हे सांगायचं ठेवलं होतं की त्या संध्याकाळी मी हो म्हणालो ते चूक होतं. वेळ होता. आठ दिवस होते. मी मोसंबी सोलत बसलो.

तुला टोमॅटोच्या टेम्पोतून नेलं. क्रेट उतरवले, ताडपत्री धुतली, तरी आंबूस वास होताच. मी मागं तुझ्याजवळ बसलो, या वेळी बाभळीखाली नाही गेलो, एवढं तरी. समोर बसलेला मंडळीतला म्हातारा म्हणाला, "सही किली असती तर आज हितंच, चार पावलांवर..." बाकीच्यांनी माना हलवल्या. तुझ्या पायाशी बसून. जुन्नरला खड्ड्यापाशी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. विश्वासात अढळ, मोहाला न भुललेली, मंडळीचा खांब. अर्धा तास. तहसीलदाराचं वाक्य त्यांना आठवत नसणार. आप्पाही आले होते, पांढरी टोपी, भला मोठा हार. माझा हात धरून म्हणाले, "लई निष्ठावान बाई, राव. असली मानसं आता गावायची न्हाईत." मी म्हणालो, "हो आप्पा." तुझ्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी त्यांना हो आप्पा म्हणालो. हात धुतला नाही अजून, असं वाटतंय.

इथपर्यंत काल लिहिलं होतं.

आज सकाळी उशिरा उठलो. कुणी उठवलंच नाही. पायरीपाशी एक लाल पीस पडलं होतं, ते उचलून खिशात घातलं, का ते माहीत नाही. पंचायतीत ग्रामसेवक एकटे होते. चांगला माणूस आहे. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, फॉर्म पुढं ओढला. तुझं नाव, वय, पत्ता त्यांनीच भरलं. मग पेन थांबवून हळूच म्हणाले, "शांतारामभाऊ, धर्म हिंदूच लिहितो. तुमचं ते पडताळणीचं चाललंय असं कळलं. आता उगा कशाला? बाई तर गेल्या."

खरं सांगतो अक्का, माझी मान हलली. होकारार्थी हलली. पेन रकान्यावर टेकलं. माझ्या डोळ्यापुढं पोरांची फी आली, क्वार्टर आलं, बायकोचा चेहरा आला. तू आली नाहीस. कुठला आवाजही आला नाही. शांती वगैरे तर मुळीच नाही. नुसती त्या टेबलाची गार काच हाताला लागत होती.

तेवढ्यात मला गार फरशीचं आठवलं.

मी म्हणालो, "थांबा. द्या इकडं, मी भरतो." आणि ख्रिस्ती असं लिहिलं. अक्षर घाण आलं. पंधरा वर्षं सुंदर अक्षरात खोटं लिहिलं, आणि खरं लिहिताना कोंबडीच्या पायासारखं आलं. खाली माहिती देणाऱ्याची सही होती. शांतवन अशी केली.

ग्रामसेवकांनी उलटं करून वाचलं. "हे शांतवन कोण?"

"मी."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग म्हणाले, "भाऊ, अजून फॉर्म फाडता येतो. कोरा आहे माझ्याकडं दुसरा."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तरीही दारापर्यंत जाऊन दोनदा मागं वळून पाहिलं. हे लपवत नाही. मी काही धीट झालेलो नाही. तुझ्यासाठी एक शब्द लिहिला एवढंच. तुझा शब्द होता तो, माझा नव्हता. माझा अजून बाकी आहे. पुढच्या आठवड्यात पडताळणी समितीपुढं उभं राहायचंय, आणि तिथं कुणीतरी असाच भला माणूस म्हणेल, अहो, नजरचुकीनं झालं असं लिहून द्या. तेव्हा मी काय म्हणेन, मला माहीत नाही. स्वतःची मला खात्री नाही, आणि स्वतःची जेवढी किळस आज येते तेवढी तेव्हा टिकेल याचीही नाही.

तिथून सरळ बाजारात गेलो. कोंबड्यांच्या टोपल्यांपुढं उभा राहिलो. एक तुर्रेबाज, लाल, आडदांड दिसला. विकणाऱ्यानं पाय धरून उलटा उचलला, सुरा काढला. "कापून देऊ ना, पावणं?"

"नको," मी म्हणालो. "असाच दे."

क्वार्टरवर पोचलो तर काल संध्याकाळीच परतलेली बायको दारातच. माझ्या काखेत फडफडणारं ते धूड बघून तिनं कपाळावर हात मारला. "अहो, हे काय? कशाला आणलाय?"

मी त्याला आमच्या खिडकीखाली बांधत होतो, माझ्या उशाच्या बाजूला.

म्हणालो, "अंड्यासाठी."